दूरच्या वर्कस्टेशनवरचं ग्राफिक्स रखडतंय? या चुका टाळा

लॅबमधल्या ताकदवान लिनक्स वर्कस्टेशनवर प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याची विंडो एसएसएचमधून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅममधून) आपल्या लॅपटॉपवर आणायची, ही एक्स विंडो सिस्टिमची, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या यंत्रणेची, जुनी आणि फार मोठी सोय. मात्र ग्राफिक्स रखडलं की सगळे आधी नेटच्या स्पीडला दोष देतात. लाईन वाढवून घेतात, आणि मेनू उघडायला लागायचा तेवढाच वेळ लागत राहतो.

बँडविड्थ वाढवत बसणं

एक्समध्ये सर्व्हर म्हणजे तुमच्यासमोरचं, स्क्रीन जोडलेलं मशीन. दूरचा प्रोग्रॅम हा क्लायंट. क्लायंट सर्व्हरला सारखे प्रश्न विचारतो: विंडो केवढी आहे, माऊस कुठे आहे, अमुक नावाचा ॲटम नंबर (नावाऐवजी वापरायचा आकडा) काय. काही प्रश्नांना उत्तर येईपर्यंत तो थांबून राहतो. लॅनवर, म्हणजे लॅबच्या आतल्या नेटवर्कवर, एका फेरीला (प्रश्न जाऊन उत्तर यायला) १ मिलिसेकंद धरलं, तर असे १०० प्रश्न ०.१ सेकंदात संपतात. घरून व्हीपीएनवर तीच फेरी ४० मिलिसेकंदांची झाली, की ४ सेकंद गेले. रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही.

म्हणून आधी पिंग करून फेरीचा वेळ बघा. प्रोग्रॅम तुमचा स्वतःचा असेल तर एक्सलिब या एक्सच्या जुन्या लायब्ररीतलं, एका नावाचा ॲटम विचारणारं एक्सइंटर्नॲटम हे फंक्शन लूपमध्ये फिरवू नका. एक्सइंटर्नॲटम्सने सगळी नावं एकदम विचारता येतात. डीबगिंगसाठी घातलेले एक्ससिंक काढून टाका, प्रत्येक एक्ससिंक सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबतो. नवीन काम असेल तर एक्ससीबी ही नवी लायब्ररी घ्या, त्यात सगळे प्रश्न आधी पाठवून उत्तरं नंतर गोळा करता येतात. प्रोग्रॅम दुसऱ्याचा असेल, तर एक्सटूगो हे दूरचा डेस्कटॉप दाखवणारं सॉफ्टवेअर वापरून बघा. त्याच्यातला एनएक्सचा थर बरेचसे प्रश्न प्रोग्रॅमच्या बाजूलाच मिटवतो, आणि फरक लगेच जाणवतो.

चित्र आणि रेघ यांना एकच माप लावणं

एक्स-११, म्हणजे एक्सची आजही चालणारी अकरावी आवृत्ती, आलं १९८७ साली. तेव्हा १० मेगाबिटच्या इथरनेटवर १२८०×१०२४ ची ८-बिट स्क्रीन एकदा पूर्ण पाठवायलाच सेकंदभर लागला असता. म्हणून प्रोटोकॉल बेतला गेला तो रेखाटनाच्या आज्ञांवर: एक रेघ काढायची विनंती अवघ्या २० बाइट्सची. आजचे बरेच प्रोग्रॅम मात्र सगळं स्वतःच रंगवतात आणि तयार चित्र ढकलतात. १९२०×१०८० ची एक फ्रेम, पिक्सेलला ४ बाइट्स धरले, तर सुमारे ८.३ मेगाबाइट. गिगाबिट लाईन पूर्ण मोकळी असली तरी सेकंदाला जेमतेम १५ फ्रेम्स जातात.

त्याच मशीनवर बसून हा प्रोग्रॅम सुसाट पळतो, कारण तिथे शेअर्ड मेमरी, म्हणजे प्रोग्रॅम आणि सर्व्हर दोघांनाही वाचता येणारी मेमरी, मदतीला असते. नेटवर्कवर ती नाही. इथेच एक बारीक चूक होते: स्वतःच्याच मशीनवर काम करताना डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये (कुठल्या स्क्रीनवर दाखवायचं ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘:०’ ऐवजी ‘लोकलहोस्ट:०’ लिहिलं, की एक्स टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, जोडायला जातं. जोडणी झालीच, तर शेअर्ड मेमरीचा हा फायदा हकनाक हातचा जाऊ शकतो.

थ्रीडी कुठे रेंडर होतंय हे न बघणं

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक हीच. दूरच्या मशीनमध्ये महागडं ग्राफिक्स कार्ड असतं, आणि ते रिकामं बसलेलं असतं. दूरच्या शेलमध्ये जीएलएक्सइन्फो ही थ्रीडीची माहिती देणारी कमांड चालवा आणि रेंडररची (चित्र कोण काढतंय ती) ओळ वाचा. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं, तर चित्र तिथला सीपीयू काढतोय. ‘डायरेक्ट रेंडरिंग: येस’ एवढं वाचून खूश होऊ नका, एलएलव्हीएमपाइप असतानाही ते येसच येतं.

ओपनजीएलच्या, म्हणजे थ्रीडी चित्र काढायच्या, आज्ञा नेटवर्कवरून पाठवायची इनडायरेक्ट पद्धत एक्सडॉटऑर्ग या लिनक्सवरच्या नेहमीच्या एक्स सर्व्हरने १.१७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, मुळातच बंद ठेवली आहे. ती जबरदस्तीने चालू केलीत तरी जुनंच ओपनजीएल मिळतं. नीट उपाय म्हणजे व्हर्च्युअलजीएल: रेंडरिंग दूरच्या कार्डावर होतं आणि फक्त तयार चित्र येतं. सोबत टर्बोव्हीएनसी हे दूरची स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर ते चित्र दाबूनही (कॉम्प्रेस होऊन) येतं.

फिरती चाकं दाखवणाऱ्या जीएलएक्सगिअर्स या छोट्या चाचणीचा आकडा यात काही सांगत नाही. तुमचंच मॉडेल फिरवून बघा.

एसएसएचचे पर्याय डोळे मिटून देणं

एसएसएचच्या कमांडमधल्या कॅपिटल सी या पर्यायाचं कॉम्प्रेशन मंद लाईनवर कामाचं; वेगवान लॅनवर तेच सीपीयू अडवतं. विंडो इकडे आणणारा कॅपिटल एक्स दिल्यावर प्रोग्रॅम विचित्र वागला, तर बऱ्याचदा कारण अविश्वासू (पूर्ण भरवसा न ठेवलेल्या) जोडणीवरच्या बंधनांत असतं. डीफॉल्ट २० मिनिटांनी नवीन विंडो नाकारली जाते, तीही त्यातूनच. जोडणीवर पूर्ण भरवसा ठेवणाऱ्या कॅपिटल वायने हे सुटतं, पण मग दूरच्या मशीनवरचा प्रोग्रॅम तुम्ही इथे टाइप केलेली अक्षरं वाचू शकतो. तेव्हा विश्वासातल्या मशीनलाच तो द्या.