चहाच्या कारखान्यात शिकायला निघालात? आधी विदरिंग बघा

रसायनशास्त्र किंवा फूड टेक्नॉलॉजी करून चहाकडे वळणारी मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? जोरहाटच्या टोकलाई संस्थेचं संशोधन वाचाच, 1911पासून तिथे चहावर काम चालू आहे. पण कारखान्यात पाऊल टाकलंत की पहिल्या काही रात्री विदरिंगच्या, म्हणजे पान कोमेजवण्याच्या, ट्रफपाशी (लांबट जाळीच्या हौदापाशी) काढा.

गवती चहाची पात चुरगाळली की लगेच वास येतो. चहाचं ताजं पान चुरगाळा, नुसता गवताचा वास! कपात ज्यांच्यामुळे फुलांचा सुगंध येतो ती लिनालूल, जिरॅनिऑल ही संयुगं पानात असतात, पण बरीचशी साखरेला बांधलेली. बांधलेली असेपर्यंत ती उडत नाहीत, म्हणून नाकाला लागत नाहीत. पान कोमेजतं, मग रोलिंगमध्ये, म्हणजे पान वळताना, पेशी फुटतात, एन्झाइम आणि ही संयुगं एकमेकांना भेटतात आणि सुगंध मोकळा होतो.

ताज्या पानात 75 ते 80 टक्के पाणी असतं. ट्रफवर खालून हवा सोडून रात्रभरात ते उतरवतात. सीटीसीसाठी (दाणेदार चहा) थोडं, दार्जिलिंगच्या ऑर्थोडॉक्ससाठी (पान वळून केलेला चहा) बरंच जास्त. मूठभर पत्ती घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला आणि देठ वाकवूनही मोडला नाही, तर विदर जमला. मीटर नंतर वापरा, आधी हाताला कळू दे. गवताळ वास मागे पडून फळासारखा गोडसर वास कधी येऊ लागतो, तेही तिथेच उभं राहून कळतं.

रोलिंगनंतर ऑक्सिडेशन. इथे जुने लोक घड्याळापेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतात आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे, कारण रोजचं पान आणि रोजची हवा वेगळी असते. ड्रायरच्या उष्णतेने हे सगळं थांबतं, शिवाय अमिनो आम्लं आणि साखरेतून भाजका, मधासारखा वास नव्याने तयार होतो. ड्रायरपाशी घमघमाट सुटला की पाहुणे खूश होतात. पण हवेत गेलेला तो वास कपात येणार नसतो.

दार्जिलिंगला जमलं तर मे-जूनमध्ये, सेकंड फ्लशला, म्हणजे दुसऱ्या बहराच्या तोडणीला जा. कोकणात आंब्यावर तुडतुडे दिसले की फवारणीची धावपळ सुरू होते. इथे त्यांचेच भाऊबंद कोवळी पत्ती शोषतात, झाड बचावासाठी वेगळी संयुगं बनवतं आणि त्यातून तो प्रसिद्ध मस्कटेल, म्हणजे मस्कट द्राक्षासारखा, स्वाद येतो. पीक मात्र घटतं, त्यामुळे मॅनेजरला त्यांचं कौतुक बेतानेच असतं.

टेस्टिंगला 100 मिली उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं, दूध नाही. आलं-वेलचीच्या चहावर वाढलेल्या जिभेला हे सुरुवातीला फिकं लागतं. टेस्टिंगच्या दिवशी अत्तर, तंबाखू आणि कच्चा कांदा वर्ज्य.