टेक्सासमध्ये ख्रिसमसच्या सुटीत रँच, गाणं आणि रोषणाई एकाच दिवशी

ऑस्टिनहून निघालेले बरेच जण २९० हायवेवर आधी लागतं म्हणून जॉन्सन सिटीत थांबतात. तिथली ख्रिसमसची रोषणाई दिवसा दिसत नाही आणि पुढच्या रँचची (गुरं पाळण्याच्या मोठ्या शेताची) वेळ मात्र निघून जाते. म्हणून क्रम उलटा ठेवा.

१. सकाळी जॉन्सन सिटी मागे टाकून थेट २२-२३ किलोमीटर पुढे स्टोनवॉलला जा. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची रँच बघायला स्वतःची गाडी चालते, पण मोफत परवाना लागतो. तो रँचच्या फाटकावर मिळत नाही, हायवेलगतच्या स्टेट पार्कच्या केंद्रात मिळतो. नकाशात त्या केंद्राचाच पत्ता टाका, कारण रँच नदीच्या पलीकडे आहे. आत त्यांच्या हेरफर्ड गाईंच्या कळपाचा वंश आजही चरतो. परवान्याच्या केंद्राशेजारी १९१८च्या काळातलं सॉअर-बेकमन शेतघर आहे. मुलं बरोबर असतील तर ते चुकवू नका.

२. दुपारी लुकनबाख या गाण्यांसाठी प्रसिद्ध छोट्या गावात जा. ओकच्या झाडांखाली वादक गोल करून बसतात, ते ऐकायला बहुधा पैसे पडत नाहीत. रात्रीच्या मोठ्या कार्यक्रमांना मात्र तिकीट असतं.

३. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा परत निघा. जॉन्सन सिटी वाटेतच आहे: कोर्टहाउस आणि वीज सहकारी संस्थेच्या आवारातली दिव्यांनी मढलेली झाडं, दोन्ही पायी बघून होतात.

अंधारात हरणं अचानक रस्त्यावर येतात, वेग कमी ठेवा. २५ डिसेंबरला रँच बंद असते.