द्राक्षबागेचा कार्बन हिशोब कसा मांडायचा

‘हवामान आधीही बदलायचंच’, ‘धूर काढला अमेरिका-युरोपने, भोगायचं आपण’ ही वाक्यं नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात, निफाड-दिंडोरीच्या पारावर रोज ऐकू येतात. त्यातच कार्बन क्रेडिटचा (हवेतला कार्बन कमी केल्याचं, विकता येणारं प्रमाणपत्र) करार घेऊन बांधावर येणारी माणसंही वाढली आहेत. वाद घालायचा असो की सही करायची असो, आधी आपल्या बागेचा आकडा, म्हणजे ती वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते तो, हातात हवा. त्यासाठी लागते ती एक वही, वर्षभराच्या पावत्या आणि एक क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारं यंत्र).

वर्ष मोजायचं एप्रिलच्या खरड छाटणीपासून (माल निघाल्यावर नव्या काड्यांसाठीची छाटणी) पुढच्या खरड छाटणीपर्यंत. घडांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीपासून धरलं तर खरडीनंतरच्या काडीवर झालेला खर्च आधीच्या हंगामाच्या नावावर पडतो आणि हिशोब फसतो. मग हद्द ठरवा: बागेतून माल पॅकहाउसच्या दारात पोहोचेपर्यंतचं आपलं. प्रीकूलिंग, कंटेनर, जहाज निर्यातदाराच्या खात्यात.

डिझेल सगळ्यात सोपं. ट्रॅक्टरची टाकी काठोकाठ भरा, काम करा, पुन्हा काठोकाठ भरा. दुसऱ्यांदा जितकं बसलं तितकं जळलं. ब्लोअरची फवारणी, रोटाव्हेटर आणि वाहतूक वेगळी लिहा, कारण पुढे कपात कुठे करायची ते यातूनच दिसतं. एक लिटर डिझेल म्हणजे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड.

वीज मात्र फसवी आहे. शेतीपंपाचं बिल बऱ्याच ठिकाणी हॉर्सपॉवरवर येतं, साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत तर ते मोफत योजनेत शून्यच दिसतं. बिल शून्य म्हणून युनिट शून्य होत नाहीत. पंप चालू असताना तिन्ही फेजचा अँपिअर आणि व्होल्टेज घ्या. समजा व्होल्टेज ४१५, करंट साडेसात अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८५ आहे. मग ४१५ × ७.५ × १.७३२ × ०.८५, म्हणजे साधारण ४.६ किलोवॅट (१.७३२ हा तीन फेजचा गुणक). मोटारीवर पाच हॉर्सपॉवर, म्हणजे ३.७ किलोवॅट लिहिलेलं असतं. तो आकडा धरला तर पाचव्या हिश्श्याची वीज हिशोबातून गळते, कारण पाटीवरचा आकडा मोटार जे देते त्याचा असतो, जे घेते त्याचा नाही. रात्रीच्या पाळीत व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, म्हणून दिवसा आणि रात्री असं दोनदा मोजा. किलोवॅटला वर्षाच्या तासांनी गुणलं की युनिट मिळतात. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. पंपाला धुराडं नसतं म्हणून वीज स्वच्छ वाटते, पण ग्रिडमधली बहुतेक वीज एकलहऱ्यासारख्या कोळशावरच्या केंद्रांतूनच येते.

आता खत. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. जमिनीत टाकलेल्या नत्रापैकी (नायट्रोजन) साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो असं आंतरराष्ट्रीय हिशोबात धरतात. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. एक किलो नत्राचा नायट्रस ऑक्साइड झाला की वजन ४४/२८ पट होतं, म्हणून एक किलो नत्रामागे ०.०१ × ४४/२८ × २७३, म्हणजे ४.२९ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा. युरियाची ४५ किलोची गोणी घ्या: ४६ टक्क्यांनी नत्र २०.७ किलो, त्याचे झाले ८९ किलो. शिवाय युरिया विरघळताना स्वतःतला कार्बन सोडतो, किलोमागे ०.७३, म्हणजे गोणीमागे ३३. एकूण १२२ किलो. एक गोणी जवळपास ४५ लिटर डिझेलइतकी! कारखान्यात ती बनवतानाचा गॅस यात अजून धरलेलाच नाही. डीएपीचं नत्र १८ टक्क्यांनी धरा आणि ड्रिपमधून सोडलेल्या विद्राव्य खतांचंही लिहा. शेणखत शून्य नाही: पाच टन खतात अर्धा टक्का नत्र असेल तर २५ किलो नत्र, म्हणजे १०७ किलो.

छाटणीच्या काड्या जाळल्या तर निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, तो वेलीने हवेतूनच घेतलेला असतो. मात्र त्या धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजतात. काड्यांची कुट्टी करून ओळीत टाकली तर धुरातले हे दोन्ही टळतात. याच कारणाने ‘बाग हिरवी, म्हणजे कार्बन शोषते’ हे अर्धंच खरं. पानं आणि घड यांत अडकलेला कार्बन वर्षभरात परत हवेत जातो. टिकतो तो फक्त खोडात, मुळात आणि मातीत.

तीन एकरांचा ताळा करून पाहू. समजा ३०० लिटर डिझेल, पंपाचे ६०० तास, १८० किलो नत्र आणि त्यात युरियाच्या पाच गोण्या. डिझेल ८०४, वीज १,९८७, नत्र ७७२, युरियातला कार्बन १६५. बेरीज ३,७२८ किलो. माल २७ टन निघाला तर किलोमागे १३८ ग्रॅम. अर्ध्याहून जास्त वाटा पंपाचा! म्हणून कपातीला आधी ट्रॅक्टर विकायची गरज नाही. गळका फूट व्हॉल्व्ह, झिजलेला इम्पेलर आणि चोंदलेला ड्रिप फिल्टर तपासा: तेवढंच पाणी द्यायला पंप किती तास जास्त चालतो ते वहीतच दिसेल. दुसरं, माती-देठ परीक्षणाशिवाय नत्र देऊ नका. सौर पंपाचा विचार त्यानंतर, कारण गळका पंप सौरवर लावला तर पॅनेलही मोठं लागतं.

आता पारावरचा वाद. हवामान पूर्वीही बदलत होतं, हे खरंच. पण उद्योगांपूर्वी हवेत दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज ४२० च्या वर आहे. कोळसा-तेलात कार्बन-१३ (कार्बनचा थोडा जड प्रकार) कमी असतो आणि हवेतलं त्याचं प्रमाणही तसंच घटत चाललंय, म्हणजे वाढलेला वायू कुठून आला ते कळतं. सूर्य कारण असता तर वरचं वातावरणही तापलं असतं. ते थंड होतंय. ‘अमेरिकेने काढला’ यातही दम आहे, भारताचं दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, अमेरिकेचं त्याच्या कितीतरी पट. ही जबाबदारी जागतिक बैठकांत मागायचीच. ती मागताना स्वतःच्या पंपाचा आकडा माहीत असला तर बोलणं कमजोर पडत नाही.

युरोपच्या सीबॅम कराची (आयात मालामागच्या कार्बनवरचा कर) धास्तीही घेतली जाते. तो सिमेंट, लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजनवर आहे, द्राक्षावर नाही. देशातल्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेत सक्ती मोठ्या उद्योगांवर आहे, शेतकऱ्याला ती ऐच्छिक. त्यामुळे ‘सही केली नाही तर निर्यात अडेल’ असं कोणी म्हटलं तर त्याला कायद्याचं कलम दाखवायला सांगा.

करारात बहुधा मातीत साठणारा कार्बन विकला जातो, म्हणून हे गणित पाठ ठेवा. एका एकरात ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे १,५८० टन माती (घनता १.३ धरून). मातीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) मातीच्या वजनाच्या ०.१ टक्क्याने वाढला तर १.५८ टन कार्बन, म्हणजे ५.८ टन कार्बन डायऑक्साइड. आकडा मोठा दिसतो, पण ०.१ टक्क्याचा फरक नमुना घेण्याच्या चुकीतही पडतो. एकदा १५ आणि एकदा ३० सेंटिमीटरवरून घेतलं, एकदा ड्रिपरखालून आणि एकदा दोन ओळींच्या मधून घेतलं, की वाढ आपोआप ‘दिसते’. म्हणून दरवर्षी त्याच जागा, तीच खोली, तोच महिना, आणि खरड छाटणीआधी, शेणखत पडण्यापूर्वी. पिशवीवर सर्व्हे नंबर, खोली, तारीख लिहा आणि अर्धा नमुना घरी जपून ठेवा. करारात मातीची पहिली तपासणी कोणत्या तारखेची, खर्च कोणाचा, कर्ब कमी भरला तर पैसे परत मागणार का आणि बाग काढली तर काय, हे चार मुद्दे लिहून मिळेपर्यंत सही थांबवा.