मालक बाहेर, प्राणी आत: साथीच्या काळात पशुवैद्यकाने दवाखाना कसा चालवावा

साथ आली की मालकांना दाराबाहेर थांबवायचं, हे सगळ्यांनाच सुचतं. पण मालक बाहेर राहिला की त्याच्याबरोबर अर्धी माहितीही बाहेर राहते. कुत्रा हल्ली जिना चढताना मध्येच थांबतो, मांजर पाण्याच्या भांड्यापाशी नुसतं बसून राहतं, अशा गोष्टी टेबलापाशी उभं असताना माणूस सहज बोलून जातो. म्हणून माझा आग्रह असा, की खुर्च्या हलवण्याआधी फोनवरचं बोलणं बदला.

वेळ देतानाच केसपेपर फोनवर पूर्ण भरून घ्या. त्रास कधीपासून, खाणंपिणं कसं, शी-शू, उलट्या, चालू औषधं. शेवटी एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?" खरी तक्रार पुष्कळदा इथेच कळते. घरात कुणी आजारी आहे का, तेही विचारा. असेल तर प्राण्याला नाही म्हणू नका. दुसऱ्या घरातल्या कुणी आणून सोडावं, अंथरूण आणि खेळणी घरीच ठेवावीत. कोविडचा विषाणू माणसांकडून कुत्र्या-मांजरांना आणि २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघ-सिंहांनाही लागला. उलट दिशेचा धोका कमी, पण शून्य नाही. थायलंडमध्ये एक बाधित मांजर तपासणीच्या वेळी शिंकलं आणि पशुवैद्यकाला लागण झाली. त्या डॉक्टरबाईंच्या तोंडावर मास्क होता, डोळ्यांवर काही नव्हतं. मास्कबरोबर चष्मा हवाच, तो यासाठी.

मग ठरवायचं कोण थांबू शकतं आणि कोण नाही. ही यादी फोन उचलणाऱ्याच्या समोर भिंतीवर हवी, डॉक्टरच्या डोक्यात नव्हे. बोका सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय आणि काहीच होत नाही, तर मालक म्हणतात बद्धकोष्ठ झालंय. पण मूत्रमार्ग तुंबला असेल तर तो दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला लगेच आणायला सांगा. पोट टम्म फुगलंय आणि नुसत्या उबळी येतात, उलटी पडत नाही. फिटचा झटका पाच मिनिटांहून जास्त चाललाय. जोरदार कळा देऊन अर्धा तास झाला तरी पिल्लू नाही. मांजर तोंड उघडून श्वास घेतंय. विषारी काही खाल्लंय. यातलं काहीही असेल तर व्हिडिओ कॉलमध्ये वेळ घालवू नका.

बाकीच्यांसाठी व्हिडिओ चांगला, मालकाला नीट कामाला लावलं तर. प्राणी झोपलेला असताना छातीचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला सांगा. कुत्र्या-मांजरात ते सतत तिसाच्या वर जात असतील तर तपासणी टाळू नका. खिडकीच्या उजेडात ओठ वर करून हिरडी दाखवायला सांगा. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. वजनासाठी प्राण्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. मात्र हृदयाची कुरकुर (ठोक्यांमधला जादा आवाज), पोटातली गाठ, कानाच्या आतलं दुखणं फोनवर कळत नाही. न पाहिलेल्या प्राण्याला औषध लिहून देता येतं का, हा नियम आपापल्या पशुवैद्यक परिषदेकडून आधीच पाहून ठेवा.

लसींत सरसकट पुढे ढकलाढकली करू नका. निरोगी प्रौढ कुत्र्याचा पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गांवरचा बूस्टर काही आठवडे थांबू शकतो. पिल्लांचे डोस सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत ठरल्या वेळीच व्हायला हवेत, नाहीतर माणसांची साथ सरेपर्यंत तुमच्याकडे पार्व्होची सुरू होईल. रेबीजची लस कधीच 'नंतर बघू'मध्ये टाकू नका.

आता दारातली देवाणघेवाण. सगळ्यात जास्त प्राणी इथेच निसटतात. मांजर कॅरियरमध्येच हवं, आणि कॅरियरची कडी मालकासमोर ओढून बघा. कुत्र्याच्या गळ्यात आधी दवाखान्याचा सरकफासाचा पट्टा घाला, तो नीट बसला की मगच मालकाने आपला पट्टा सोडावा. मधली दोन पावलं कुत्रा दोन्ही पट्ट्यांवर असला पाहिजे. मालकाला बाहेर फोन चालू ठेवायला सांगा आणि तपासताना काय दिसतंय ते मोठ्याने बोलत जा. बाहेरच्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो. आवाज ऐकू आला की तो धीराने थांबतो आणि मध्येच एखादी विसरलेली गोष्टही सांगतो.

टेबल आधी साबणाने धुवा, मग ०.१ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) फिरवा, कारण मळावर ते नीट काम करत नाही. मांजराच्या लघवीवर थेट ओतू नका, घातक वायू तयार होतो. प्राण्याच्या अंगावर सॅनिटायझर किंवा फिनाइल अजिबात नको. मांजर अंग चाटतं आणि जिभेला फोड येतात. मालकांनाही हे स्पष्ट सांगा, घाबरून लोक पंजे फिनाइलने पुसतात.

एका ठिकाणी मात्र नियम वाकवा. दयामरणाचं शेवटचं इंजेक्शन द्यायचं असेल तेव्हा मालक प्राण्याजवळ असलाच पाहिजे. आत सुई लावून घ्या, गुंगीचं औषध द्या, मग उघड्यावर घेऊन या. सलाईनच्या नळीला लांब एक्स्टेन्शन जोडलं की मालक डोक्यापाशी बसतो आणि तुम्ही दोन मीटरवरून औषध देऊ शकता. त्या दिवशी त्याच्या लगेच पुढची वेळ कुणालाच देऊ नका. पैसे आधी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या, त्या क्षणी नाही.

कर्मचाऱ्यांच्या दोन तुकड्या करा. त्या एकमेकींना भेटता कामा नयेत, जेवायलाही नाही. एक तुकडी विलगीकरणात गेली तरी दुसरी दार उघडेल. निरोप तोंडी नको, केसपेपरवरच लिहा. आणि औषधांचा साठा दर आठवड्याला बघा. प्रोपोफॉलसारखी भुलीची औषधं माणसांच्या अतिदक्षता विभागातही लागतात, त्यांचा तुटवडा आधी तिथे आणि लगेच तुमच्याकडे जाणवतो. ऐच्छिक शस्त्रक्रिया थांबवून ती तातडीच्या प्राण्यांसाठी राखून ठेवा, आणि कोणत्या औषधाऐवजी कोणतं वापरायचं हे कपाटाच्या दारावर मात्रेसकट चिकटवा.