घोडा, घोडी की घोडं? आधी शेवटचं अक्षर पाहा

माझ्याकडे मराठी शिकायला येतात ते बहुतेक बदलीवर आलेले बँकवाले. क्रियापदं त्यांना लवकर जमतात. गोंधळ उडतो तो ऑफिसात कुणी विचारतं तेव्हा, ‘कर्जाच्या फाइलचं घोडं कुठे अडलंय?’ फाइलला घोडा कुठून आला? त्यांना मी पहिली गोष्ट सांगते: प्राणी नंतर, आधी लिंग पाहा.

पुल्लिंगी ‘घोडा’ म्हणजे खरं जनावर, नाहीतर एखादी वस्तू. बुद्धिबळात अडीच घरं चालतो तो घोडा. पिस्तुलाचा ओढतात तोही घोडाच. मुंबईतला काळा घोडा हा स्वारासकटचा पुतळा होता. 1965 साली तो राणीच्या बागेत हलवला, तरी चौकाचं नाव टिकलं. 2017 मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा बसवला. बोलताना ‘काळ्या घोड्यापाशी भेटू’ असं सामान्यरूप बिनधास्त करा, कानाला तेच गोड लागतं.

‘घोडी’ म्हणजे मादी, हे सोपं. पण गाणाऱ्यांच्या घरी गेलात तर तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. जवारी, म्हणजे तारेचा नाद गुंजत राहावा म्हणून केलेली घासणी, काढतात ती तिच्यावरच.

खरी गंमत नपुंसकलिंगी ‘घोडं’मध्ये आहे आणि शिकणाऱ्यांनी इथेच वेळ द्यावा. बोलीत घोडं म्हणजे हाती घेतलेलं काम, आपलं म्हणणं, आपला डाव. काम थांबलं की घोडं अडतं. नेमकी अडचण कुठे आहे हे शोधायचं असेल तर ‘घोडं कुठे पेंड खातंय?’ असं विचारायचं. दुसऱ्याचं न ऐकता स्वतःचंच पुढे रेटणारा माणूस आपलं घोडं दामटतो. रखडत रखडत काम एकदाचं पार पडलं की घोडं गंगेत न्हातं. या शेवटच्या प्रयोगात सुटकेचा निःश्वास असतो, म्हणून तो जपून वापरा. सोसायटीच्या नोंदणीबद्दल खुशाल म्हणा. मुलीच्या लग्नाबद्दल तिच्या सासरच्यांसमोर नको, त्यांना ते लागेल.

आता लेखनातली मेख. प्रमाण लेखनात ‘घोडं’चं ‘घोडे’ होतं आणि ते अनेकवचनासारखं दिसतं. मग ओळखायचं कसं? वाक्य मोठ्यानं, घरगुती बोलीत म्हणून पाहा. ‘वरातीमागून घोडे’चं तोंडात सहज ‘वरातीमागून घोडं’ होतं, म्हणजे एकवचन. वेळ टळून गेल्यावर केलेल्या धावपळीला ते लावतात. ‘कागदी घोडे नाचवणे’ मात्र कसंही म्हटलं तरी घोडेच राहतात: नुसता पत्रव्यवहार, प्रत्यक्षात काही नाही. क्रियापदही मदत करतं. ‘घोडे पेंड खाते’ एकवचन, ‘घोडे पेंड खातात’ म्हणजे तबेल्यातली खरी जनावरं.

समासात दोन गट करा. घोडदळ, घोडदौड, घोडेस्वार यांत जनावर आहे, जरी बातम्यांत घोडदौड क्रिकेट संघाची असली तरी. घोडेबाजार हा शब्द वर्तमानपत्रात आला की बहुधा आमदार-नगरसेवकांच्या फोडाफोडीबद्दल असतो. दुसऱ्या गटात ‘घोड’ म्हणजे प्रमाणाबाहेर मोठं. घोडचूक ही साधी चूक नव्हे, फार मोठी आणि महागात पडणारी. टायपिंगमधल्या चुकीला घोडचूक म्हणू नका, शब्दाची धार जाते. याच गटात ‘घोडनवरा’ आणि ‘घोडनवरी’ येतात, लग्नाचं वय उलटलेल्यांसाठी. हे कळले पाहिजेत, कारण जुन्या कथा-नाटकांत भेटतात. स्वतः बोलताना मात्र मी ते कुणालाही वापरू देत नाही. ‘घोडनवरी’ ऐकून बायकांनी फार सोसलं आहे.

‘घोडामैदान जवळच आहे’ हे सर्वात शेवटी शिका. कुणी फार बढाया मारत असेल आणि कसोटीची वेळ येऊन ठेपली असेल, तेव्हाच ते शोभतं. वार्षिक तपासणीच्या आदल्या आठवड्यात बँकेत वापरून पाहा.