सहा खुर्च्यांचे यान: ‘स्मगलर्स रन’मध्ये अनोळखी सहकाऱ्यांसोबत कसे बसावे

‘मिलेनियम फाल्कन: स्मगलर्स रन’ ही राइड कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये ३१ मे २०१९ रोजी आणि फ्लोरिडातील डिस्नीच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कमध्ये त्याच वर्षी २९ ऑगस्टला सुरू झाली. ‘स्टार वॉर्स’मधले ते प्रसिद्ध यान इथे प्रवाशांनाच चालवावे लागते. एका कॉकपिटमध्ये सहा जागा असतात: पुढे दोन पायलट, मध्ये दोन गनर (तोफा डागणारे) आणि मागे दोन इंजिनियर. मुलाकडे अमेरिकेत काही महिने राहायला आलेले आई-वडील, मुलगा, सून आणि नात असे पाच जणांचे मराठी कुटुंब तिथे पोहोचले, की सहाव्या खुर्चीवर बहुधा कोणीतरी परका येऊन बसतो. चौघे गेले तर दोन परके येतात, आणि एकटेच गेलात तर पाचही परके असतात. पुढची चार-पाच मिनिटे यान कसे उडेल हे या सहा जणांच्या हातांवर ठरते. ती बरी जावीत यासाठी यानात चढण्याआधी काय ठरवावे आणि आत गेल्यावर कसे वागावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

आधी राइड कशी चालते ते समजून घ्यावे. समोरच्या पडद्यावर दिसणारे दृश्य आधी चित्रित करून ठेवलेले नसते. व्हिडिओ गेमसाठी वापरले जाणारे ‘अनरियल इंजिन’ ते त्या क्षणी तयार करत असते आणि कॉकपिट त्यानुसार हलत असते. त्यामुळे पायलटने यान कड्यावर घातले तर ते कड्याला घासते, हादरा सहाही जणांना बसतो आणि मागच्या इंजिनियरपुढे दुरुस्तीची बटणे लुकलुकू लागतात. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याचे काम वाढवते. मात्र यान कितीही आपटले तरी मोहीम अर्ध्यात सुटत नाही, ते शेवटी तळावर परत येतेच. फरक पडतो तो हाती लागलेला माल, यानाचे नुकसान आणि शेवटी दिसणारी कमाई यांत. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर परक्या माणसावर चिडण्याची वेळ सहसा येत नाही.

कार्ड हातात पडल्यावर

रांगेच्या शेवटी होंडो ओनाका या चाच्याचा यांत्रिक पुतळा मोहीम समजावून सांगतो. मूळ मोहिमेत कोॲक्सियम नावाचे मौल्यवान इंधन पळवून आणायचे असते. त्यानंतर कर्मचारी प्रत्येकाला एक कार्ड देतात; कार्डावर आपली भूमिका असते आणि रंगावरून आपला गट कळतो. पुढे सगळे जण फाल्कनच्या गोल दालनात थांबतात आणि आपल्या रंगाचा पुकारा झाला की कॉकपिटकडे जातात.

कार्ड वाटले जाण्यापूर्वीच आपण किती जण आहोत आणि कोणाला कोणती भूमिका हवी आहे, हे कर्मचाऱ्याला थोडक्यात सांगावे. शक्य असेल तेव्हा ते तशी सोय करतात. कुटुंबात चढाओढ होण्याची शक्यता असेल तर ती रांगेतच मिटवावी, कारण कार्ड हातात आल्यावर सुरू झालेली “मला पायलट व्हायचंय” ही रडारड शेजारच्या परक्या माणसाला अवघडून टाकते, आणि मग तो बिचारा संकोचापोटी आपले कार्ड पुढे करतो. आपल्या माणसांत कार्डांची अदलाबदल खुशाल करावी. परक्याकडून मात्र एकदाच मागावे, तेही मोठ्या माणसाकडे. त्याने नाही म्हटले तर विषय तिथेच सोडावा. लहान मुलाकडे पायलटचे कार्ड असेल तर ते मागूच नये.

दालनात बुद्धिबळासारख्या खेळाचे ते ओळखीचे गोल टेबल आहे आणि प्रत्येकाला त्याच्याभोवती बसून छायाचित्र हवे असते. छायाचित्र जरूर काढावे, पण आपल्या रंगाचे कार्ड हातात घेतलेला परका माणूस कोण आहे हे त्याच वेळी शोधून त्याच्याशी दोन वाक्ये बोलून घ्यावीत. नाव विचारण्याची गरज नाही. “आपण याआधी बसला आहात का?” एवढा एक प्रश्न पुरतो. तो माणूस जाणता असेल तर दोन मिनिटांत तुम्हाला सगळे शिकवतो. नवखा असेल तर निदान दोघांनाही एकमेकांचा अंदाज येतो.

कोणाचे काम काय

सर्वांत मोठी जबाबदारी पायलटांची असते आणि तिथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण एकाच यानाचे सुकाणू दोघांत वाटलेले असते. डावा पायलट यान डावीकडे-उजवीकडे वळवतो आणि उजवा पायलट ते वर-खाली नेतो. प्रकाशवेगाच्या उडीचा दांडाही उजव्या पायलटकडेच असतो, म्हणून ज्याला तो दांडा ओढण्याची हौस आहे त्याने उजवी खुर्ची मागावी. दोघे पायलट एकमेकांना परके असतील तर खुर्चीत बसताच “मी डावे-उजवे, आपण वर-खाली” असे एकदा मोठ्याने बोलून घ्यावे. हे हास्यास्पद वाटते खरे, पण अनेक जोड्यांना निम्मी मोहीम संपेपर्यंत आपल्या हातात अर्धेच यान आहे हे उमगत नाही, आणि तोवर दोघेही आपापला सुकाणूचा दांडा गदगदा हलवत असतात.

नवख्या पायलटची ठरलेली चूक म्हणजे अति वळवणे. यानाचा प्रतिसाद किंचित उशिरा जाणवतो. पायलटला वाटते की यान वळतच नाही, म्हणून तो दांडा टोकापर्यंत दाबतो. तेवढ्यात यान वळते आणि भिंतीवर जाते. मग तो घाबरून उलट्या टोकाला दाबतो. पहिले काही क्षण मोकळ्या जागेत दांडा अगदी हलका हलवून पाहावा, त्याची दिशा आणि ताकद हाताला कळू द्यावी, आणि पुढे थोडे वळवून सोडायचे, पुन्हा थोडे वळवायचे, अशा रीतीने न्यावे. नजर यानाच्या नाकावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवावी. उजव्या पायलटने विशेष जपावे, कारण डावे-उजवे हेलकावे प्रवासी सहन करतात, पण सतत वर-खाली होणाऱ्या यानाने मागच्यांच्या पोटात ढवळू लागते.

गनरचे काम सोपे आहे. सुरुवातीला स्वयंचलित नेम घ्यायचा की हाताने, हे निवडता येते. पहिल्या खेपेला स्वयंचलित निवडावे आणि बटण दाबत राहावे. अडचण एवढीच की बटणे बाजूच्या फलकावर असतात आणि दृश्य समोर असते. म्हणून बटणाची जागा बोटांनी एकदा चाचपून ठेवावी आणि मग मान समोर वळवून बसावे. हाताने नेम घेण्याची हौस दुसऱ्या खेपेसाठी राखावी.

इंजिनियरची खुर्ची लोक नाइलाजाने घेतात, आणि ते मला अन्यायाचे वाटते. बटणे उजळली की दाबायची, म्हणजे बिघाड दुरुस्त होतो, एवढेच काम. पायलट जितके कच्चे, तितका इंजिनियर जास्त कामात. बाजूला पाहत राहावे लागल्याने समोरचे दृश्य थोडे निसटते हे खरे, पण पुढच्या चौघांच्या पाठी आणि समोरची पूर्ण काच एका नजरेत मावते ती याच खुर्चीवरून, आणि फाल्कनचा कॉकपिट म्हणजे काय हे तिथूनच नीट कळते. डिस्नीने २०२६ च्या मे महिन्यासाठी जाहीर केलेल्या नव्या मोहिमेत तर इंजिनियरला ‘स्टार वॉर्स’मधल्या ग्रोगू या चिमुकल्या हिरव्या पात्राशी संवाद साधण्याचे काम देण्याचे ठरवले आहे. त्यामुळे या खुर्चीचा भाव वाढेल असा माझा अंदाज आहे.

बोलावे कसे

मराठी कुटुंबाला इथे एक खास पथ्य पाळावे लागते. पाच जण आपसांत “अगं डावीकडे, डावीकडे घे!” असा गलका करत असतील आणि सहावा माणूस ओहायोहून आलेला असेल, तर तो पूर्ण पाच मिनिटे एकटा पडतो. तो उजवा पायलट असेल तर यानही एकटे पडते. म्हणून कॉकपिटमध्ये दिशांपुरते तरी लेफ्ट, राइट, अप, डाउन हेच शब्द वापरायचे असे आधी घरच्यांना सांगून ठेवावे. उत्साहाच्या भरात मराठी तोंडून निघणारच, त्याला हरकत नाही. सूचना मात्र सर्वांना कळली पाहिजे.

सूचनाही ज्याची त्यालाच द्यावी. डाव्या पायलटला “वर घे” म्हणण्यात अर्थ नाही, कारण ते त्याच्या हातात नसतेच. आपल्याकडे गाडीत मागे बसून ड्रायव्हरला रस्ता शिकवण्याची हौस दांडगी असते. तीच हौस इथे इंजिनियरच्या खुर्चीत बसलेल्या काकांना येते, आणि त्यांच्यासमोर लुकलुकणारी बटणे तशीच राहतात. शेजारच्याचे बटण हात लांबवून दाबणे हा तर सरळ आगाऊपणा आहे, मग शेजारी कितीही गोंधळलेला असो. फार तर बटणाकडे बोट दाखवावे. याला अपवाद एकच: आपले स्वतःचे लहान मूल.

यान आपटले तर हसावे. परका पायलट तेव्हा बहुधा मान मागे वळवून आपल्याकडे पाहतो आणि त्याला आपल्या चेहऱ्यावर काय दिसते, यावर पुढची मोहीम बरीच अवलंबून असते.

एकटे असाल तर

एकट्यासाठी ‘सिंगल रायडर’ची वेगळी रांग असते. ती बहुधा लवकर सरकते, पण तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: होंडोचे भाषण आणि ते गोल दालन चुकते, आणि भूमिका निवडायला मिळत नाही. उरलेली जागा मिळते, आणि उरते ती बहुतेक वेळा इंजिनियरची. म्हणून पहिल्या खेपेला नेहमीच्या रांगेने जावे आणि दुसऱ्या खेपेला एकट्याच्या रांगेने. या रांगेतून आलेल्याने हेही ओळखावे की आपण कोणाच्या तरी कौटुंबिक सहलीत जाऊन बसलो आहोत. हसून नमस्कार करावा, आपले काम चोख करावे आणि पायलट कितीही रखडत असला तरी मास्तरकी करू नये. शिकलेसवरलेले चाहते नेमके इथेच घसरतात.

मुले आणि आजी-आजोबा

किमान उंची ३८ इंच, म्हणजे ९७ सेंटिमीटर लागते. नात तेवढी नसेल तर ‘रायडर स्विच’ची सोय कर्मचाऱ्याकडे आधीच मागावी; निम्मे कुटुंब आत जाऊन येईपर्यंत उरलेले मुलीजवळ थांबतात आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता आत जातात. सहा-सात वर्षांच्या मुलाला पायलट करावे की नाही, यावर माझे मत असे: कॉकपिटमध्ये सगळे घरचे असतील तर जरूर करावे, यान भिंतीवर आपटत नेण्यातही मजा आहे. परके असतील तर त्यांना विचारावे, आणि निदान दुसरा पायलट तरी आपला मोठा माणूस असावा. बहुतेक लोक आनंदाने होकार देतात, आणि होकार दिलेला माणूस नंतर कुरकुरत नाही.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवतींनी बसू नये, असा इशारा दारावरच्या फलकावर असतो. आजोबांनी “मला काही होत नाही” म्हटले तरी तो त्यांना वाचून दाखवावा. ज्यांना बस लागते त्यांनाही इथे त्रास होऊ शकतो. अशांना पायलट करून पाहावे, कारण स्वतः वळवणाऱ्याला पुढचा हेलकावा आधी कळतो.

तशीच एक जुनी राइड

फ्लोरिडातच एपकॉट पार्कमध्ये ‘मिशन: स्पेस’ ही २००३ पासूनची राइड आहे. तिथे एका कुपीत, म्हणजे छोट्या बंद कॅप्सूलमध्ये, चौघे बसतात: कमांडर, पायलट, नॅव्हिगेटर आणि इंजिनियर. सूचना आली की आपापले बटण दाबायचे असते, पण कोणी विसरले तरी यान ते काम स्वतःच उरकते, त्यामुळे परक्याशी जुळवून घेण्याचा प्रश्न जवळपास उरत नाही. भूमिकेपेक्षा इथे रंग महत्त्वाचा आहे. ‘ऑरेंज’ मोहीम मंगळाची असून तिची कुपी खरोखर गरगर फिरवली जाते. तिच्यासाठी उंची ४४ इंच लागते. ‘ग्रीन’ मोहिमेत पृथ्वीप्रदक्षिणा असते, कुपी हलते पण फिरवली जात नाही, आणि उंची ४० इंच पुरते. ‘ऑरेंज’मध्ये डोके मागे टेकवून नजर समोरच्या पडद्यावर ठेवावी, डोळे मिटले किंवा मान वळवून शेजारच्याकडे पाहिले की मळमळ सुरू होते, म्हणून शेजाऱ्याला काही सांगायचेच असेल तर समोर पाहतच सांगावे. चौघांपैकी एकालाही ‘ऑरेंज’ची धास्ती वाटत असेल तर कुटुंबाने तिथे दोन गट करावेत: ज्यांना गरगरण्याची हौस आहे ते इकडे आणि बाकीचे ‘ग्रीन’मध्ये. उरलेल्या खुर्च्या परके भरतातच.