थ्री नॉट थ्रीवरचे ठसे वाचताना या चुका टाळा

थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ काडतुसाची जुनी ली-एनफिल्ड रायफल. तिचं वय काढायचं म्हटलं की बहुतेकांची नजर बोल्टच्या मुठीखालच्या बट सॉकेटवर, म्हणजे लाकडी दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या भागावर जाते. तिथे उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल आणि मार्क (मॉडेलचा क्रमांक) ठोकलेला असतो. '१९१६' दिसलं की लगेच 'पहिल्या महायुद्धातली रायफल' असं ठरतं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ते साल रिसीव्हरचं, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य भागाचं असतं, अख्ख्या रायफलीचं नव्हे. झिजलेली नळी बदलली जायची आणि नव्या नळीवर तिचं साल यायचं. कारखान्यात पूर्ण उघडून दुरुस्ती झाली असेल, तर 'एफटीआर' (फॅक्टरी थरो रिपेअर) आणि त्या दुरुस्तीचं साल दिसतं. म्हणून रिसीव्हर, बोल्ट, नळी आणि नोजकॅप (नळीच्या तोंडाकडची धातूची टोपी) यांवरचे नंबर आधी ताडून बघा. सोबत सापडलेल्या काडतुसांवरून तर वय ठरवूच नका. बुडावर 'के.एफ.' (किर्की फॅक्टरी) आणि साल असेल तर ते खडकीच्या कारखान्याचं काडतूस, आणि सालही त्याचंच.

बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या ब्रिटिशकालीन रायफलीवर मुकुटाखाली 'जी.आर.आय.' असतं. त्यातला 'आय' इंडियाचा, असं खूप जण छातीठोकपणे सांगतात. तो 'इम्परेटर', म्हणजे सम्राट या पदवीचा आहे; पूर्ण रूप 'जॉर्ज रेक्स इम्परेटर'. भारताचा 'आय' सरकारी बाणाच्या, म्हणजे सरकारी मालकी दाखवणाऱ्या बाणाच्या खुणेच्या खाली असतो. 'सी'मधला बाण कॅनडाचा, 'यू'मधला दक्षिण आफ्रिकेचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर ती एखाद्या खास पलटणीची खूण समजू नका; रायफल सरकारी मालकीतून बाहेर गेली, एवढाच त्याचा अर्थ.

'यू.एस. प्रॉपर्टी' लिहिलेली नंबर ४ रायफल (ली-एनफिल्डचंच नंतरचं मॉडेल) अमेरिकी फौजेची नव्हे. सॅव्हेज या अमेरिकी कंपनीने ती लेंड-लीज या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी मदत योजनेखाली ब्रिटिशांसाठी बनवली.

पुढची चूक जिवावर बेतू शकते. इशापूरची २ए आणि २ए१ दिसायला थ्री नॉट थ्रीसारखीच, म्हणून ती जुनी रायफल बदलून केली असं समजतात. ती १९६० च्या दशकात ७.६२ मि.मी. काडतुसासाठी नव्याने बनली. मॅगझिन चौकोनी असतं. मागच्या साईटवरचे अंतराचे आकडे २एवर २००० पर्यंत, २ए१वर ८०० पर्यंत. तिच्यात .३०३ काडतूस घालायचं नाही. आणि 'डी.पी.' (ड्रिल पर्पज) ठसा असलेली रायफल कवायतीसाठी बाजूला काढलेली असते. ती कितीही धडधाकट दिसली तरी झाडू नका.

आता साफसफाईबद्दल कळकळीने सांगतो: ठसा पुसट आहे म्हणून पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका. घासलेला ठसा परत येत नाही. शिवाय नंबर किंवा ओळखखूण पुसणं, बदलणं हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ चा भंग आहे. परवानाधारकाकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या, मऊ फडक्याला थोडं तेल लावून मळ काढा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी आडवा धरून फोटो घ्या. टॉर्च चारही बाजूंनी फिरवा. एका बाजूने '३' वाटणारा आकडा दुसऱ्या बाजूने '८' निघतो.